आठवी ते दहावीला पहिल्यांदा गणित शिकवताना: साधनं निवडावीत कशी आणि वापरावीत कशी

माध्यमिक शाळेत गणित विषय हाती आला की पहिल्या आठवड्यातच सल्ले सुरू होतात. कोणी ॲप सांगतं, कोणी यूट्यूबवरचे व्हिडिओ, कोणी तयार कृतिपत्रिकांचा गठ्ठा पाठवतं. शाळेच्या कपाटात एक गणित पेटीही असते, तिची किल्ली कोणाकडे आहे हे शिपाईमामांना विचारावं लागतं. नवा शिक्षक हे सगळं गोळा करतो आणि जूनअखेर लक्षात येतं की साधनं भरपूर आहेत, पण उद्याच्या तासाला काय घेऊन जायचं ते ठरत नाही.

माझं म्हणणं असं की साधन नंतर निवडावं. आधी मूल कुठे अडलंय ते शोधावं. अडलेली जागा कळली की योग्य साधन कोणतं हे बहुतेक वेळा आपोआप सुचतं, आणि ते फुकट किंवा अगदी स्वस्त असतं. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. आठवी ते दहावी, महाराष्ट्र मंडळाची मराठी किंवा सेमी इंग्रजी माध्यमाची शाळा डोळ्यांसमोर आहे.

पायरी १: पाठ्यपुस्तक स्वतः सोडवा, मागच्या इयत्तांसकट

बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. तुम्ही दहावीला शिकवणार असाल तरी सातवी, आठवी आणि नववीचीही उतरवून घ्या. पाठ्यपुस्तकांवरचे क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपमध्ये स्कॅन केले की त्या त्या प्रकरणाचं पूरक साहित्य उघडतं. त्यातलं सगळंच सारख्या दर्जाचं नाही. वर्गात दाखवण्याआधी प्रत्येक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहा, एरवी तासाच्या मध्येच कळतं की यात फक्त पुस्तकातलं वाचून दाखवलंय.

पुस्तक वाचणं म्हणजे फक्त उदाहरणसंग्रह सोडवणं नाही. ‘जरा आठवूया’ या चौकटी नीट पाहा. लेखकांना मुलांकडून कोणतं आधीचं ज्ञान अपेक्षित आहे ते तिथे लिहिलेलं असतं, आणि मुलांचा पाय नेमका तिथेच घसरतो. दहावीच्या वर्गसमीकरणाला आठवीतले बैजिक राशींचे अवयव लागतात. त्रिकोणमितीला समरूपता लागते, समरूपतेला गुणोत्तर लागतं. एका कागदावर प्रत्येक प्रकरणासाठी ‘याच्या आधी काय यायला हवं’ एवढंच लिहा. हा कागद टाचणाच्या वहीला जोडून ठेवा, वर्षभर उपयोगी पडेल.

पायरी २: पहिल्या आठवड्यात छोटी चाळणी

गुण न देता, नाव न लिहिता, अर्ध्या कागदावर सहा प्रश्न द्या. मला हे सहा फार उपयोगाचे वाटतात:

७ + ५ = □ + ४, चौकटीत कोणती संख्या?
०.४५ आणि ०.५ यांत मोठी कोणती?
−३ − ५ = किती?
क्ष = ४ असेल तर ३क्ष = किती?
२/३ + १/४ = किती?
तिरका काढलेला काटकोन त्रिकोण: कर्ण कोणता, त्यावर खूण करा.

चिठ्ठ्या गोळा केल्यावर बरोबर-चूक असे गठ्ठे करू नका. उत्तराप्रमाणे गठ्ठे करा. पहिल्या प्रश्नात चौकटीत १२ लिहिणारी मुलं ‘बरोबर’ या चिन्हाकडे ‘इथे उत्तर लिहा’ अशा खुणेसारखं पाहतात. ही मुलं समीकरणाच्या दोन्ही बाजूंना सारखी क्रिया करायची म्हणजे काय हे समजू शकणार नाहीत, ती फक्त ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ एवढं पाठ करतील. चौथ्या प्रश्नात ३४ लिहिणाऱ्याला अक्षर म्हणजे संख्येची जागा हे अजून उमगलेलं नाही. ०.४५ मोठी म्हणणारा अंक मोजतोय. पाचव्यात ३/७ आलं तर अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलेत. तिरक्या त्रिकोणात खालची बाजू कर्ण म्हणणाऱ्याने आजवर सगळे काटकोन त्रिकोण एकाच स्थितीत पाहिलेत.

आता तुमच्याकडे वर्गाचा नकाशा आहे. पुढची सगळी निवड यावरून करायची.

पायरी ३: हातात धरता येतील अशी साधनं, आधी ही तीन-चार

पुठ्ठ्याच्या बैजिक फरशा. (अ + ब)² = अ² + ब² ही चूक तुम्हाला दहावीच्या पूर्वपरीक्षेपर्यंत सोबत करेल. तिच्यावर तोंडी उपदेशाचा परिणाम होत नाही, क्षेत्रफळ पाहिल्याने होतो. जुन्या वह्यांच्या कव्हरांचा किंवा जाड कार्डशीटचा पुठ्ठा घ्या. तीन प्रकारचे तुकडे कापा: २ सेंमी बाजूचे लहान चौरस (हे १), २ सेंमी रुंद आणि ७.५ सेंमी लांब पट्ट्या (हे क्ष), आणि ७.५ सेंमी बाजूचे मोठे चौरस (हे क्ष²). पट्टीची लांबी मुद्दाम अशी घेतली आहे की लहान चौरस एकापुढे एक ठेवले तर ते नेमके पुरत नाहीत. पट्टी ८ सेंमीची केली तर मुलं लगेच म्हणतात ‘क्ष म्हणजे ४’, आणि साऱ्या खटाटोपाचा हेतूच निसटतो. चार मुलांच्या गटाला दोन मोठे चौरस, दहा पट्ट्या आणि वीस लहान चौरस पुरतात. कापण्याचं काम मुलांनाच द्या.

मग सांगा: एक मोठा चौरस, पाच पट्ट्या आणि सहा लहान चौरस घ्या आणि सगळे तुकडे वापरून एक सलग आयत करा. पाच-सात मिनिटं वर्गात गोंगाट होईल, होऊ द्या. आयत जमला की त्याच्या बाजू मोजायला लावा: एक बाजू क्ष + २, दुसरी क्ष + ३. क्ष² + ५क्ष + ६ चे अवयव मुलांच्या बाकावर पडलेले असतात. आता एक लहान चौरस काढून घ्या आणि पाच चौरसांत आयत करायला सांगा. जमणार नाही. का जमत नाही, हा प्रश्न फळ्यावर लिहून तास संपवा. दुसऱ्या दिवशी एखादं मूल ‘गुणाकार ५ आणि बेरीज ५ अशा दोन पूर्ण संख्याच नाहीत’ असं सांगतं, तेव्हा मधल्या पदाची फोड त्याला खरोखर कळलेली असते.

हीच पेटी दहावीला पुन्हा काढा. क्ष² + ६क्ष घेऊन चौरस करायला सांगितलं की मुलं तीन पट्ट्या एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला लावतात, आणि कोपऱ्यात नऊ लहान चौरसांची रिकामी जागा दिसते. पूर्ण वर्ग पद्धतीत ‘सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग’ कुठून येतो हे मग निराळं सांगावं लागत नाही. ऋण पदांसाठी मात्र या फरशा फार ताणू नयेत. उलट्या बाजूला लाल रंग देऊन ऋण दाखवता येतं, पण क्षेत्रफळाचा अर्थ तिथे पुसट होतो आणि मुलं गोंधळतात. तिथून पुढे चार चौकटींच्या गुणाकार सारणीवर जा.

ए-फोर कागद. हे माझं सर्वांत आवडतं साधन आहे. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा साधा ए-फोर कागद २१० मिमी रुंद आणि २९७ मिमी लांब असतो. प्रत्येक जोडीला दोन कागद द्या. पहिल्या कागदाची आखूड कड लांब कडेवर आणून दुमडली की एक तिरकी घडी पडते. ही घडी म्हणजे २१० मिमी बाजूच्या चौरसाचा कर्ण. आता दुसऱ्या कागदाची लांब कड त्या घडीवर ठेवा: दोन्ही तंतोतंत सारख्या भरतात. वर्गात इथे हमखास ‘अरे!’ होतं. बाजू १ असेल तर कर्ण √२, म्हणजे या कागदाची लांबी रुंदीच्या √२ पट आहे. २९७ भागिले २१० करून पाहा, १.४१४ येतं.

असा विचित्र आकार कोणी का ठरवला असेल? कागद मधोमध दुमडायला लावा. अर्धा कागद पुन्हा त्याच प्रमाणात राहतो. अर्धा कागद मूळ कागदावर एक कोपरा जुळवून ठेवा आणि दोघांचे कर्ण पट्टीने जोडून पाहा, एका रेषेत येतात. लांबी र, रुंदी १ मानली तर अर्ध्या कागदाची लांबी १ आणि रुंदी र/२. दोन्ही समरूप असायला हवेत म्हणून र/१ = १/(र/२), म्हणून र² = २. दुसऱ्या कोणत्याही प्रमाणाने हे साधलंच नसतं. शिवाय बाजूंचं गुणोत्तर √२ आणि क्षेत्रफळांचं गुणोत्तर २, म्हणजे समरूप आकृत्यांच्या क्षेत्रफळांचं प्रमेयही इथेच आलं. आणखी वेळ असेल तर सोळा कागद जमिनीवर जोडून लावा, जवळजवळ बरोबर एक चौरस मीटर भरतो, कारण ही सगळी मापं मुळात एक चौरस मीटरच्या कागदापासून निम्मी निम्मी करत आली आहेत.

इथे एक काळजी घ्या. मोजून आलेलं १.४१४ हे √२ अपरिमेय असल्याचा पुरावा नाही. कागद दाखवतो की ही लांबी खरी आहे, ती हातात धरता येते. ती अपूर्णांकात का लिहिता येत नाही याची सिद्धता वेगळी आहे, तिच्यासाठी वेगळा तास ठेवा. आणि फुलस्केप किंवा लीगल कागद आणू नका, त्यावर हे जमत नाही.

उन्नतमापक, म्हणजे उंच वस्तूचं टोक आडव्या रेषेपासून किती अंश वर दिसतं (उन्नत कोन) ते मोजायचं साधन. कंपासपेटीतला कोनमापक, शीतपेयाची नळी, दोरा आणि वजनाला एक वॉशर. कोनमापकाच्या सरळ कडेवर नळी चिकटवा, मध्यबिंदूतून दोरा सोडा. नळीतून ध्वजस्तंभाचं टोक पाहायचं आणि जोडीदाराने दोरा कुठे आहे ते वाचायचं. मुलं पहिल्यांदा वाचलेला कोनच उन्नत कोन समजतात. नळी आडवी धरली की दोरा ९० वर असतो, म्हणून उन्नत कोन म्हणजे ९० आणि वाचन यांतला फरक. हे आधी सांगू नका. नळी आडवी धरून ‘आता उन्नत कोन किती असायला हवा?’ एवढंच विचारा.

पहिल्या दिवशी त्रिकोणमितीची सारणी नकोच. दोरा ४५ दाखवेपर्यंत मागे-पुढे चालत राहा. मग स्तंभापर्यंतचं अंतर आणि डोळ्यापासून वरची उंची सारखीच असते, समद्विभुज काटकोन त्रिकोण. मोजपट्टी क्रीडाशिक्षकांकडे मिळते. दुसऱ्या दिवशी ठरावीक १० मीटरवरून कोन घ्यायला लावा. समजा ३५ अंश आला. टॅन ३५° सुमारे ०.७०, म्हणून ७ मीटर, अधिक डोळ्याची उंची १.४ मीटर, एकूण ८.४. डोळ्याची उंची मिळवायला निम्मे गट विसरतात आणि त्यांचा स्तंभ बुटका निघतो. दुसऱ्या गटाला ३७ अंश आला तर उंची ८.९ च्या पुढे जाते. दोन अंशांच्या फरकाने अर्धा मीटर कसा वाढला, यावर झालेली चर्चा पुस्तकातल्या दहा उदाहरणांपेक्षा मोलाची असते. मात्र मुलांना आधीच बजावा: नळीतून सूर्याकडे कधीही पाहायचं नाही.

दोन नाणी. संभाव्यतेच्या प्रकरणात मुलं सूत्र लगेच शिकतात आणि समज तशीच राहते. विचारा: दोन नाणी एकदम फेकली तर काय काय होऊ शकतं? बरीच मुलं म्हणतील, दोन छापे, दोन काटे किंवा एकेक, म्हणजे प्रत्येकाची संभाव्यता १/३. वाद घालू नका. प्रत्येक जोडीला वीस वेळा फेकून नोंद करायला सांगा. चाळीस मुलांच्या वर्गात चारशे नोंदी जमतात आणि ‘एकेक’ची संख्या दोनशेच्या आसपास येते. मग एक रुपयाचं आणि पाच रुपयांचं अशी वेगळी नाणी द्या. रुपयावर छापा आणि पाचावर काटा ही एक गोष्ट, उलट झालं तर दुसरी, हे डोळ्यांना दिसतं आणि नमुना अवकाशात चार घटक का लिहायचे ते कळतं.

पायरी ४: पडद्यावरची साधनं, मोजकीच

जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या आणि आलेख काढून हलवून पाहायचं सॉफ्टवेअर एकट्याने शिकून घेतलंत तरी दोन-तीन वर्षं पुरेल. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात ते सुरू केलं. शाळेतल्या वापरासाठी ते मोफत आहे आणि फोनवर किंवा संगणकावर एकदा उतरवलं की इंटरनेटशिवाय चालतं. बालभारतीच्या पुस्तकांतही जागोजागी त्याचा उल्लेख आहे.

एक तास असा घ्या. वर्तुळ काढा, त्यावर तीन बिंदू घ्या, दोन स्थिर ठेवून तिसऱ्यापाशी होणारा अंतर्लिखित कोन मोजायला लावा. बिंदू सरकवण्याआधी थांबा आणि मुलांना वहीत अंदाज लिहायला सांगा: कोन वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील? अंदाज लिहिल्याशिवाय बिंदू हलवायचा नाही, हा नियमच करा. ज्याने ‘वाढेल’ असं लिहिलंय त्याला कोन जागचा हलत नाही हे पाहून जे वाटतं, तेवढ्यावर पुढची सिद्धता उभी राहते. नुसतं दाखवलेलं मुलं पाहतात आणि विसरतात. बिंदू दुसऱ्या कंसावर गेला की कोन अचानक बदलतो, तिथेही थांबा, चक्रीय चौकोनाच्या संमुख कोनांचं प्रमेय तिथेच आहे. आणि शंभर ठिकाणी कोन सारखा आला म्हणजे सिद्ध झालं असं होत नाही, हे प्रत्येक वेळी म्हणा.

प्रोजेक्टर नसेल तर? हेच प्रात्यक्षिक लाकडी फळीवर वर्तुळ काढून, तीन खिळे आणि रबरबँड घेऊन होतं. कोन कोनमापकाने मोजायचा. मोजमापात एक-दोन अंश इकडेतिकडे होतील, त्यावरही बोलता येतं.

अमेरिकेतल्या कोलोराडो बोल्डर विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर स्वतः हलवून-बदलून पाहायची प्रात्यक्षिकं, हीही मोफत आहेत. त्यांतली बरीच मराठीत भाषांतरित झाली आहेत आणि ती उतरवून ऑफलाइन वापरता येतात. रेषेचा चढ, क्षेत्रफळाच्या आधारे बैजिक गुणाकार आणि समीकरणाचा तराजू या तिन्हींसाठी ती चांगली आहेत. चाळणीत १२ लिहिणाऱ्या मुलांना तराजूवाल्या सिम्युलेशनपाशी नक्की बसवा. आलेख पटकन काढायला डेसमॉस सोपं आहे. खान अकादमीचे व्हिडिओ मुलांना घरी उजळणीसाठी ठीक आहेत, वर्गात तासाची जागा त्यांना देऊ नका.

संगणक नाहीत म्हणून अडून बसू नका. वर सांगितलेल्यांपैकी एकही न वापरता दहावीचं गणित उत्तम शिकवता येतं.

पायरी ५: मुलांच्या घरातले कागद

अर्थनियोजन आणि सांख्यिकीसाठी पुस्तकाबाहेरची सामग्री घरोघरी पडलेली असते. किराणा किंवा औषधाच्या दुकानाचं पक्कं बिल आणायला सांगा. सीजीएसटी आणि एसजीएसटी निम्मे निम्मे का, कोणत्या वस्तूला किती टक्के, करपात्र मूल्य कोणतं, हे सगळं त्यावर छापलेलं असतं. वीजबिलात पहिल्या १०० युनिटला एक दर आणि पुढच्या टप्प्यांना चढते दर असतात. त्याचा आलेख काढला की टप्प्यापाशी रेषेचा चढ बदललेला दिसतो, आणि चढ म्हणजे ‘एका युनिटमागे वाढ’ हे मुलांना सांगावं लागत नाही.

वर्गाची वारंवारता सारणी करायची असेल तर फक्त वापरलेली युनिटं कागदावर लिहून मागवा, नाव आणि रक्कम नको. कोणाच्या घरी किती बिल येतं हे वर्गासमोर उघडं पडणं काही मुलांना फार लागतं. ज्यांच्या घरी मीटर नाही अशी मुलंही वर्गात असू शकतात, त्यांच्यासाठी शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या बिलाची प्रत ठेवा.

पायरी ६: गोष्टींचा साठा

गणित माणसांनी केलंय, आणि त्यांतली काही माणसं आपल्याच भागातली होती, हे मुलांना कळावं असं मला मनापासून वाटतं. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीत पायथागोरसच्या प्रमेयाची सुंदर उदाहरणं आहेत. आजच्या शब्दांत एक असं: ३२ हात उंच बांबू वाऱ्याने मोडला आणि त्याचं टोक बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकलं, तर तो किती उंचीवर मोडला? उ² + १६² = (३२ − उ)² मांडलं की दोन्हीकडचे उ² जातात आणि उ = १२ येतं. दुसरं कमळाचं: कळी पाण्यावर अर्धा हात आहे, वाऱ्याने ती कलून दोन हात अंतरावर पाण्यात बुडते, तर पाणी किती खोल? उत्तर पावणेचार हात. हे दुसरं उदाहरण आकृतीशिवाय देऊन पाहा, मुलांनी काढलेल्या आकृत्यांवरून त्यांची समज स्पष्ट दिसते. चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापन केल्याची नोंद शिलालेखात आहे. खानदेशातल्या शाळांनी पाटणादेवीच्या सहलीत हा शिलालेख वगळू नये.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर होते. १९४९ मध्ये त्यांना ६१७४ या संख्येचा गुण सापडला. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्यातून लहान वजा करा, आलेल्या संख्येवर तेच पुन्हा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच, आणि मग तीच येत राहते.

आठवीच्या वर्गात हे पंधरा मिनिटांत रंगतं. पण तेवढ्यावर सोडू नका, इथून बीजगणित काढा. प्रत्येक वजाबाकीला ९ ने भाग का जातो? अंक अ, ब, क, ड घेऊन मांडायला लावा: (१०००अ + १००ब + १०क + ड) − (१०००ड + १००क + १०ब + अ) = ९९९(अ − ड) + ९०(ब − क). अक्षरं कशासाठी वापरायची, असं विचारणाऱ्या मुलाला इथे उत्तर मिळतं: एकाच ओळीत सगळ्या संख्यांबद्दल बोलता आलं. मुलांना हे जड वाटलं तर दोन अंकी संख्येपासून सुरुवात करा, ९(अ − ब) लगेच निघतं.

पायरी ७: वेळापत्रकात बसवा

दहावीला भाग १ आणि भाग २ च्या ४०-४० गुणांच्या दोन लेखी परीक्षा आणि २० गुणांचं अंतर्गत मूल्यमापन असतं. अभ्यासक्रम पूर्ण व्हायलाच हवा, म्हणून प्रत्येक घटकाला साधनं वापरायला जाऊ नका. माझ्या मते एका सत्रात चार-पाच जागा निवडाव्यात: ज्यावर पुढची बरीच प्रकरणं उभी आहेत आणि चाळणीत जिथे निम्म्याहून जास्त वर्ग अडला होता अशा. आठवीत बैजिक राशींचे अवयव, नववीत वास्तव संख्या आणि समांतर रेषा, दहावीत समरूपता, वर्गसमीकरणं आणि त्रिकोणमिती. भौमितिक रचनांना सरावच लागतो, तिथे टोकदार पेन्सिल आणि ढिला न पडणारा कंपास एवढं पाहा.

साधनाच्या तासाला एक धोका असतो: खेळ होतो आणि वही कोरी राहते. शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. बाकावरचा आयत वहीत काढायचा, बाजूला बैजिक मांडणी लिहायची, आणि मग तसंच एक उदाहरण तुकड्यांशिवाय सोडवायचं. वस्तू, चित्र, चिन्हं हा क्रम एकाच तासात पूर्ण झाला तर तो टिकतो. सेमी इंग्रजीच्या वर्गात भिंतीवर दोन रकान्यांचा तक्ता लावा, एकीकडे मराठी संज्ञा आणि समोर इंग्रजी. चर्चा मुलांना ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत होऊ द्या, लिहिताना इंग्रजी संज्ञा वापरायला सांगा.

मदत कुठे मिळते

एकटं पडू नका. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या या केंद्रात गणित शिक्षणावर संशोधन होतं, ऑलिंपियाडची कामंही तिथून चालतात. आठवी ते दहावीसाठी त्यांच्या विज्ञान प्रतिभा प्रकल्पाचे शिक्षण घटक संकेतस्थळावर पाहता येतात. पुण्यात प्राध्यापक श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेली भास्कराचार्य प्रतिष्ठान ही संस्था आहे. वर्गातल्या फार पुढे असलेल्या मुलामुलींना काय द्यावं हा प्रश्न पडला की तिकडे चौकशी करा. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतली मुक्तांगण विज्ञान शोधिका आणि अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ हे स्वस्त साहित्यातून खेळणी-उपकरणं बनवण्याचं भांडार आहे, तिथे मराठी पुस्तकंही मोफत वाचता येतात. नवनिर्मिती ही संस्था कमी खर्चातले गणित संच बनवते. ते प्राथमिकचे म्हणून बाजूला टाकू नका, अपूर्णांकांचे संच नववीत अडलेल्या मुलांना हवेच असतात. इंग्रजी वाचत असाल तर अझीम प्रेमजी विद्यापीठाचं ‘ॲट राइट अँगल्स’ हे शाळेतल्या गणिताचं नियतकालिक मोफत उतरवता येतं. आणि तुमच्याच शाळेतल्या किंवा आसपासच्या शाळांच्या केंद्रातल्या अनुभवी बाईंच्या, सरांच्या वर्गात मागे बसायची परवानगी मागा. मूल चुकलं की ते पुढचं वाक्य काय बोलतात, ते ऐका.

सुरुवातीला एवढंच जमवा: कार्डशीटचे दहा मोठे ताव, कात्र्या, ए-फोर कागदांचं एक रिम, दोऱ्याचं रीळ, डझनभर वॉशर, मोजपट्टी, आणि हे सगळं ठेवायला झाकणाचा डबा. डब्यावर इयत्ता आणि घटक लिहा. पहिलं साधन वापरलंत की त्याच संध्याकाळी टाचणाच्या वहीत तीन ओळी लिहा: मुलांनी काय अंदाज केला होता, कोणता प्रश्न तुम्हाला अपेक्षित नव्हता, आणि कोणत्या पायरीला वेळ कमी पडला. पुढच्या वर्षी तोच घटक घेताना डबा उघडण्याआधी त्या तीन ओळी वाचा.